एकोणिसावा रकाना

आमच्या रेल्वे यार्डात कुणाला दुखापत झाली की एक फॉर्म भरावा लागे. नाव, हुद्दा, वेळ, हवा कशी होती, बूट कोणते होते, असं एकेक भरत माणूस एकोणिसाव्या रकान्यापाशी यायचा. तिथं छापलेलं असे: 'हा अपघात टळावा म्हणून तुम्ही काय करू शकला असता?' आणि खाली दोन रिकाम्या ओळी.

त्या ओळींत काय लिहायचं ते आमच्या हार्लन फोर्क गावात सगळ्यांना पाठ होतं. 'मी पाय जपून टाकायला हवा होता.' एवढं लिहिलं की फोरमन फॉर्म उचलायचा, आठवडाभर हलकं काम द्यायचा आणि विषय संपायचा. रकाना रिकामा ठेवला तर चौकशी लागायची, आणि चौकशी लागलेला माणूस बहुतेक वेळा घरी बसायचा. म्हणून कुणी रिकामा ठेवत नसे.

हे वाक्य ऑर्व्हल टीगचं. १९७८ साली त्याचा घोटा मुरगळला होता तेव्हा त्यानं ते पहिल्यांदा लिहिलं. फोरमननं वाचलं, मान डोलावली, फॉर्म खिशात घातला. पुढच्या महिन्यात दुसऱ्या कुणाला लागलं तेव्हा ऑर्व्हलनं त्याला तेच सांगितलं. मग तिसऱ्याला. मी सिग्नल विभागात लागले तोवर नव्या माणसाला हातमोजे, शिट्टी आणि ते वाक्य, तिन्ही पहिल्याच दिवशी मिळत होतं. आपण कितीजणांची नोकरी वाचवली याचा ऑर्व्हलला अभिमान होता आणि तो खोटाही नव्हता.

ऑर्व्हल मालगाड्या तपासायचा. गाडी आली की एका बाजूनं शेवटपर्यंत चालत जायचं आणि दुसऱ्या बाजूनं परत यायचं. चाकं बघायची, ब्रेक बघायचे, हवेच्या नळ्या बघायच्या. दिवसाला आठ मैल सहज व्हायचे. तेहतीस वर्षं हे केल्यामुळं असेल किंवा आधीपासूनच असेल, पण त्याला बसता यायचं नाही. चर्चमध्ये तो मागच्या भिंतीला टेकून उभा राहायचा. टीव्ही उभ्यानं बघायचा. त्याची बायको लोएटा म्हणायची, "याला खाली बसवायचं तर गाडीचा ब्रेक लावावा लागेल." चालताना त्याचे गुडघे कुरकुरायचे. आम्ही काही बोललो तर म्हणायचा, "वाजतायत म्हणजे चालतायत."

दर गुरुवारी सकाळी तो ओपलच्या हॉटेलात यायचा आणि काउंटरला कोपर टेकून कॉफी प्यायचा. समोरच्या टेबलावर लुडविक पावलक असायचा, निवृत्त शंटिंगवाला. त्याला सगळे लुड म्हणत. त्याच्या उजव्या हाताला तीनच बोटं होती. उरलेली दोन १९८६ साली दोन डबे जोडणाऱ्या कपलिंगमध्ये गेली होती.

"बस की रे म्हाताऱ्या," लुड म्हणायचा. "तुझ्याकडं बघून माझी कॉफी हिंदकळते."

"तू बस. तुला बसायचीच पेन्शन मिळते."

"आणि ती पाटी काढ अंगणातली. तुझ्या घरावरून जायचं तर मला मान फिरवावी लागते."

ती पाटी म्हणजे 'दावे आवरा, डॉक्टर वाचवा'. त्या वर्षी, २००४ साली, दक्षिण इलिनॉयमध्ये दर चौथ्या अंगणात ती होती. लोक ऊठसूट दावे लावतात, आमच्या जिल्ह्यातले ज्युरी सढळ हातानं भरपाई देतात, म्हणून डॉक्टरांचे विमे महागतात आणि डॉक्टर पळतात, तेव्हा भरपाईला कायद्यानं मर्यादा घाला, असं त्यांचं म्हणणं. रेल्वेवरचे दावेही त्याच माळेत ओवलेले असायचे.

"तू डॉक्टर परत आण, मी पाटी काढतो," ऑर्व्हल म्हणायचा.

"डॉक्टर काय माझ्यामुळं गेला?"

"तुझ्या लाडक्या वकिलांमुळं गेला. माझी नात हमरस्त्याच्या कडेला, पिकअपमध्ये जन्मली, माहितीये ना? दवाखाना सत्तर मैलांवर. आणि का? तर जो तो उठतो आणि दावा ठोकतो. कॉफी गरम होती, ठोक दावा. पाय घसरला, ठोक दावा. अरे, खाली बघून चाला ना!"

मग लुड आपला तीन बोटांचा पंजा टेबलावर पसरायचा. "खरंय बाबा. माझ्याही फॉर्मवर तेच लिहिलंय. पाय जपून टाकायला हवा होता. त्या दिवशी मी कपलिंग पायानंच लावत असणार."

सगळे हसायचे. ऑर्व्हलही हसायचा. ओपल कॉफी ओतता ओतता म्हणायची, "राजा, बोटं सापडली तर सांग हं, सूपमध्ये घालते." हा विनोद अठरा वर्षं जुना होता. त्यात हसण्यापलीकडं काही आहे असं आम्हाला कुणालाच वाटलं नव्हतं.

त्या फेब्रुवारीत रेनिटा बॉयकिन पडली.

रेनिटा आमच्या यार्डातली एकमेव बाई तपासनीस. चौतीस वर्षांची, त्याआधी सैन्यात ट्रक दुरुस्त करायची. सात नंबरच्या रुळावर गाडी बघत होती. त्या रुळाच्या कडेला आदल्या हिवाळ्यात कंपनीनं मोठी खडी टाकली होती. हे जरा सांगायला हवं. मुख्य मार्गावर जड गाड्या धावतात, तिथं अंड्याएवढी, धारदार खडी लागते. ती रूळ धरून ठेवते. यार्डात माणसं चालतात, म्हणून तिथं बोराएवढी टाकायची असते. ती पायाखाली दबून सपाट होते. मोठी खडी पायाखाली दबत नाही, फिरते. सात नंबरवर मोठी का टाकली, तर तेव्हा तीच आली होती.

मी पन्नास पावलांवर सिग्नलच्या पेटीत डोकं घालून होते. ओरडणं ऐकू आलं नाही, कारण ती ओरडलीच नाही. कंदील खडीवर आपटल्याचा आवाज आला. मी पोचले तेव्हा ऑर्व्हल आधीच तिच्याजवळ गुडघे टेकून बसला होता. त्याला बसलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. तिचा उजवा पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळला होता.

आम्ही तिला घेऊन सत्तर मैलांवरच्या दवाखान्यात पोचलो आणि तासाभरात फोरमन ड्वाइट केसिंजर फॉर्म घेऊन आला. माणूस वाईट नव्हता. फॉर्म त्याच दिवशी पोचला नाही तर त्याचीच खरडपट्टी निघायची. रेनिटाला सुई दिलेली होती, तिची जीभ जड झाली होती. ती एकेक रकाना भरत एकोणीसपाशी आली आणि पेन धरून नुसती बघत राहिली.

"तिथं आपलं नेहमीचं लिही," ऑर्व्हल म्हणाला. "म्हणजे हे जातील आणि तुला झोपता येईल, पोरी."

तिनं लिहिलं. अक्षर ओळ सोडून खाली घसरत गेलं होतं.

दोन शस्त्रक्रिया झाल्या. जूनपर्यंत एवढं कळलं की तो गुडघा पुन्हा पूर्ण वाकणार नाही. डब्याची शिडी चढणं संपलं, म्हणजे नोकरी संपली. बाहेरच्या कारखान्यात लागलं तर चूक कुणाचीही असो, ठरलेली भरपाई मिळते. आम्हा रेल्वेवाल्यांचा कायदा वेगळा आणि फार जुना: आधी कंपनीची चूक सिद्ध करायची, आणि तुमची स्वतःची चूक जितकी निघेल तितकं त्यातून वजा. रेनिटानं दावा लावला. कंपनीनं उत्तरात तिचाच फॉर्म जोडला. कर्मचारी स्वतःच्या हस्ताक्षरात कबूल करते की तिनं पाय जपून टाकला नाही.

ऑगस्टमध्ये ऑर्व्हल तिला भेटायला गेला. गाडी मी चालवली, कारण तो चालवायला बसला की दर पाच मैलांवर उतरून टायर बघायचा. रेनिटा आईच्या घरी राहत होती. पुढच्या ओट्यावर पाय खुर्चीवर लांब करून बसली होती.

"बसा, मिस्टर ऑर्व्हल."

"मी उभाच बरा."

"माझ्यासमोर उभं राहून दाखवताय का?"

ऑर्व्हल बसला. ओट्याच्या पायरीवर, टोपी हातात फिरवत.

"मला एकच सांगा," ती म्हणाली. "ते वाक्य माझं होतं की तुमचं?"

"ते सगळ्यांचंच आहे, पोरी. इतकी वर्षं..."

"सगळ्यांचा गुडघा नाही मोडला. माझा वकील तुम्हाला जबानीला बोलावणार आहे. तिथंही 'सगळ्यांचं' म्हणणार?"

"मी तुझ्या भल्यासाठीच सांगितलं होतं."

"माहितीये मला. म्हणून तर अजून शिव्या दिल्या नाहीत." तिनं पाय उचलून नीट ठेवला, दोन्ही हातांनी उचलावा लागला. "तुमच्या अंगणातली पाटी मी वाचलीये. मी दावा ठोकणारी बाई, असंच ना? मला माफी नकोय, मिस्टर ऑर्व्हल. तुम्ही काय सांगितलंत तेवढं तिथं सांगा. ते नाही सांगितलंत तर माझी केस तिथंच संपली."

परतताना ऑर्व्हल टायर बघायला सहा वेळा उतरला.

त्याची अडचण मला कळत होती. ते वाक्य नुसती रीत आहे असं सांगायचं, तर सव्वीस वर्षं आपण लोकांकडून खरं नसलेलं लिहून घेतलं असं सांगावं लागणार. ज्याचा अभिमान धरला तेच उलटं निघणार. शिवाय ऑक्टोबरमध्ये दाव्यांच्या कायद्यावर गावात जाहीर वादविवाद व्हायचा होता आणि मर्यादा घाला म्हणणाऱ्यांच्या बाजूनं ऑर्व्हलनं बोलायचं आधीच कबूल केलं होतं. रेल्वेचा कामगार असून दाव्यांविरुद्ध बोलतो, म्हणून त्यांना तो हवाच होता.

तो सप्टेंबर त्यानं चालून काढला. कामावर आठ मैल, आणि काम सुटल्यावर परत सात नंबर. जेवणाच्या डब्यात खडी भरून आणायचा.

"ए सिग्नलवाली, तुझा व्हर्निअर दे."

मी एकेक दगड मापून सांगायचे. सव्वादोन इंच. दोन. अडीचला थोडा कमी. तो डब्याच्या झाकणावर खडूनं लिहायचा, पुसायचा, परत लिहायचा.

"रेनिटानं बघून टाकला असता तरी फिरलाच असता ना पाय?"

"तुम्ही सांगा. तुम्ही चालता तिथं."

"मला काय विचारतेस! मी तर लोकांना सांगतो, खाली बघा म्हणून." आणि डबा उचलून परत चालायला लागायचा.

वादाचा कार्यक्रम ऑक्टोबरच्या पहिल्या शुक्रवारी, संध्याकाळी पाचला, अग्निशामक दलाच्या शेडमध्ये होता. आमच्याकडं मासे तळल्याशिवाय माणसं जमत नाहीत, म्हणून बंब बाहेर काढून आत टेबलं मांडली होती आणि दारातल्या मोठ्या कढईवर लुड उभा होता, अंगात ॲप्रन, तीन बोटांत झारा. रेनिटा शेवटच्या रांगेत होती. मांडीवर मासे आणि मक्याच्या भज्यांची ताटली, शेजारी कुबडी.

ऑर्व्हलच्या बाजूनं आधी मर्ल डनवुडी बोलला. त्याचं विम्याचं कार्यालय होतं, बोलायची सवय होती. डॉक्टर किती गेले ते त्यानं सांगितलं, आणि ते खरंच होतं. मग म्हणाला, "आणि रेल्वेचे दावे? आपल्याच यार्डातलं उदाहरण घ्या. नाव घेत नाही. अपघाताच्या दिवशी त्या व्यक्तीनं स्वतःच्या हातानं लिहून दिलंय की चूक माझी. आणि आता? आता ज्युरीपुढं जायचंय!"

हे त्याला कुणी सांगितलं ते मला आजवर कळलं नाही. रेनिटाकडं कुणीच बघितलं नाही. शंभर माणसांनी एकदम न बघणं म्हणजे बघणंच असतं. तिनं भजं तोंडात घातलं आणि सावकाश चावत राहिली.

मग ऑर्व्हलची पाळी. त्यानं चार घड्यांचा कागद उलगडला आणि पिकअपमधल्या बाळंतपणाची गोष्ट सांगितली. लोएटानं टॉवेल मागितला आणि गाडीत इंजिन पुसायचं फडकंच होतं, हेही सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग तो थांबला. कागद दुमडला. माइकची तार हातात धरून इकडून तिकडं फिरायला लागला.

"मर्ल आत्ता जे म्हणाला ना, लिहून दिलंय म्हणून... ते तिचं वाक्य नाही. ते माझंय."

"ऑर्व्हल, तो विषय आपण..." डनवुडी म्हणाला.

"लुड! वर ये."

"मासे जळतील!" लुड दारातून ओरडला.

"जळू देत. ये."

लुड ॲप्रनला हात पुसत आला. ऑर्व्हलनं त्याचा उजवा हात मनगटाला धरून वर केला.

"याची बोटं कपलिंगमध्ये गेली. याच्या फॉर्मवर एकोणिसाव्या रकान्यात काय लिहिलंय? सांग रे."

लुडनं सवयीनं विनोदाचा सूर लावला. "मी पाय जपून टाकायला..." आणि वर धरलेल्या आपल्या हाताकडं बघितलं. शेडमध्ये कुणी हसलं नाही. कढईतलं तेल तेवढं चरचरत होतं.

"मीच सांगितलं होतं याला," ऑर्व्हल म्हणाला. "बोटं बर्फात गुंडाळलेली होती, आणि मी सांगत होतो पाय जपून टाकायला हवा होता असं लिही."

"माझ्या डोळ्यात लोखंडाचा कण गेला होता," मधल्या रांगेतून कुणीतरी म्हणालं. "मीपण तेच लिहिलं."

"माझा खांदा."

"अरे, माझा तर कुत्रा चावला होता!" यावर मात्र थोडं हसू फुटलं आणि लगेच विझलं.

"ऑर्व्हल," डनवुडी घाम पुसत म्हणाला, "तू नक्की कुणाच्या बाजूनं बोलतोयस?"

"मला काय माहीत! मला डॉक्टर हवाय. कालही हवा होता, आजही हवाय. पण त्यासाठी तिच्या गळ्यात माझं वाक्य अडकवू नका." एवढं बोलून तो मंचावरून उतरला, दारातून बाहेर पडला आणि बाहेर उभ्या असलेल्या बंबाभोवती फेऱ्या मारत राहिला. मासे खरंच जळले होते.

जबानी नोव्हेंबरात झाली. मला खडीची मापं सांगायला बोलावलं होतं, त्यामुळं मी खोलीत होते. कंपनीची वकील शांत, नीटनेटकी बाई होती.

"मिस्टर टीग, म्हणजे सव्वीस वर्षं तुम्ही लोकांना खोटं लिहायला शिकवलंत?"

ऑर्व्हल उठला. त्याला बसायला सांगितलं. तो बसला, परत अर्धा उठला.

"पहिल्यांदा ते खरं होतं, बाईसाहेब. मी चालता चालता वर बघत होतो. बदकं चालली होती, दक्षिणेला, पाचपन्नास असतील. माझं लक्ष नव्हतं. चूक माझीच होती, म्हणून मी तसं लिहिलं."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर कुणीच बदकं बघत नव्हतं."

टंकलेखन करणाऱ्या मुलीची बोटं थांबली. हेही लिहायचं का, असं तिनं वर पाहिलं. "लिही," ऑर्व्हल म्हणाला.

कंपनीनं त्याच्यावर चौकशी लावली. अधिकृत फॉर्म भरताना सहकाऱ्यांची दिशाभूल केली, असा आरोप. निकाल लागायच्या आत, मार्चमध्ये, तो ठरल्या तारखेला निवृत्त झाला. त्याच महिन्यात रेनिटाचा दावा कोर्टाबाहेर मिटला. काय ठरलं ते सांगायचं नाही अशी अट होती, आणि तिनं कधी सांगितलं नाही. विजेची यंत्रं दुरुस्त करायच्या शिक्षणाला तिनं नाव घातलं, एवढं आम्हाला कळलं. कंपनीनं चूक मान्य केली नाही. फॉर्मही तोच राहिला. एप्रिलमध्ये एका सकाळी ट्रक आले आणि सात नंबरच्या कडेला बारीक खडी टाकून गेले.

निवृत्त माणसाला यार्डात जाता येत नाही. ऑर्व्हल कुंपणाबाहेरून चालायचा, जाळीत बोटं अडकवून आत बघत, पावलं मोजत. एकदा मी फाटकाची घंटा तपासत होते तेव्हा माझ्याकडं आला.

"तीनशे चाळीस," तो म्हणाला.

"काय तीनशे चाळीस?"

"बारीक खडी. रेनिटा पडली त्या जागेच्या पुढं वीस पावलं गेली आणि संपली. पुढं परत मोठीच. आठ नंबरला मोठी, नऊला मोठी. हे कुणाला सांगायचं आता? लुड म्हणतो, आधी पाटी काढ, मग कुणाला ते सांगतो."

"मग काढली?"

"डॉक्टर कुठं आलाय अजून?"

तेवढ्यात फाटकाशी एक निळी गाडी थांबली. चालवत रेनिटा होती. गाडी डाव्या पायानं चालवता येईल अशी करून घेतलेली. तिनं काच खाली केली.

"बसा, मिस्टर ऑर्व्हल. घरी सोडते."

"नको पोरी. चालतो."

"बरं. मग पाय जपून टाका."

ती हसली का, ते मला दिसलं नाही; काच वर गेली होती आणि गाडी रूळ ओलांडून निघाली होती. ऑर्व्हल ती वळेपर्यंत बघत राहिला. मग कुंपणाच्या टोकाशी परत गेला आणि पहिल्यापासून मोजायला लागला.